मशीनही ‘बसा’ म्हणते, मालूताई

मालूताई, परवा सभा संपल्या संपल्या मी सायकल काढली आणि सुसाट तुझ्या घरी, कारध्याच्या रस्त्याला लागले. तुला सांगायचं होतं ना! काय झालं, कोण काय बोललं, कोणाचं तोंड कसं झालं, सगळं. पूल अर्धा ओलांडला आणि मग आठवलं, की शनिवारी तुला याच नदीच्या काठावर पोचवून आलो आहोत आम्ही. सायकलवरून उतरले. खाली मे महिन्याची वैनगंगा, पाणी थोडं आणि रेतीच जास्त. भर रस्त्यात उभी राहून रडले, मग माझा मलाच राग आला, मग तुझा आला. एवढी बातमी पोटात घेऊन माणसाने जायचं तरी कुठं गं?

म्हणून लिहायला बसले आहे. ऑफिसात तुला ‘तुम्ही’ म्हणायची, फाटकाबाहेर पडलं की ‘तू’. हे काही ऑफिसचं काम नाही, तेव्हा तू.

तुझ्याबद्दलचा मजकूर संस्थेच्या फळ्यावर लागला आहे. किती वर्षं नोकरी केली, कोणत्या विभागात होतीस, आणि शेवटी ‘अत्यंत मनमिळाऊ स्वभाव’. मनमिळाऊ! तू! वाचून मला हसूच फुटलं, तर बाजूचे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याशी एक दिवस तू भांडली नाहीस असं झालं नाही. चहात साखर किती यावरूनसुद्धा आपलं वाजायचं. त्या फळ्यावर कोणीतरी ‘भांडायला पक्की’ असं लिहायला हवं होतं, मग मी मान्य केलं असतं.

आपल्या धान संस्थेत कॉम्प्युटर आला तो दिवस आठवतो? मी नागपुरात कोर्स करून आलेली, प्रोग्राम लिहिणारी, नाकावर राग घेऊन फिरणारी. तू टायपिंग विभागाची मोठी बाई. मशीनच्या खोलीत कूलर लागला हे कळल्यावर तू आलीस, पदराने मान पुसत कूलरसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, “बरं झालं बाप्पा! या मशीनीले उकाडा सहन होत नाही म्हून आपल्या नशिबात हवा आली.” मग काय, अख्खं ऑफिस त्या खोलीत. काम असलेले आणि नसलेले, पवनीहून आलेले संचालक, गोदामांचे लोक. आणि बसायला गादीची खुर्ची एकच, ती मशीनसमोर.

माझे नियम साधे होते. खुर्चीत बसलं की आधी आपलं नाव टाकायचं, म्हणजे कोणत्या गोदामात किती धान आलं हे कोणी भरलं ते त्याच्या नावासकट राहील. उठायच्या आधी लॉगआउट करायचं, म्हणजे आपलं नाव निघून जाईल. आणि संध्याकाळी मशीन रीतसर बंद करायचं. आत डिस्कवर सुई फिरते, रेकॉर्डवर फिरते तशी. ती उचलून बाजूला ‘पार्क’ केल्याशिवाय वीज तोडली तर डिस्कला चरा पडतो. हे मी सगळ्यांना ओरडून ओरडून सांगितलं होतं. आणि हे लोक काय करायचे? जो शेवटी निघेल तो मेन स्विच खाली ओढायचा! का, तर एकदा कधीतरी वायर जळाली होती म्हणून. सकाळी येऊन मी कपाळाला हात लावून बसायची.

तू मात्र एक दिवस माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलंस. स्क्रीनवरच्या बाहेर पडायच्या पानावर चार इंग्रजी शब्द होते: एक्झिट, क्विट, लॉगआउट, पार्क. “हे चारी एकच सांगून राहिले न?” तू विचारलंस. मी चिडून प्रत्येकाचा वेगळा अर्थ समजावला. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “घरात चार दारं अन् चारीवर कुलूप. मंग मानूस खिडकीतूनच उडी मारनार.” मी दिवसभर बोलले नाही तुझ्याशी.

मग ते दिघोरीचं प्रकरण झालं. भरडाईसाठी धान उचलायला ट्रक दिघोरीच्या गोदामावर गेला आणि गोदाम रिकामं. मशीनमध्ये तर भरलेलं दिसत होतं. शोध घेतला तेव्हा कळलं, पवनीच्या केंद्रावरचं धान कोणीतरी दिघोरीच्या नावे चढवलं होतं. नोंदीसमोर नाव कोणाचं? प्रभा मेश्राम.

प्रभाला तू आधीपासून जीव लावलास. स्वतः दिघोरीची, परीक्षेत पहिली येऊन लागलेली, घरात पगार आणणारी पहिलीच. अजून कायम झाली नव्हती. तिच्याच गावचं गोदाम, तिचंच नाव, लोकांना आणखी काय पाहिजे? कोणी म्हणालं, पोरीने गावचा आकडा फुगवला. प्रभा एवढंच म्हणत राहिली, “मी नाही भरलं जी. खरंच नाही भरलं.” अध्यक्षकाका म्हणाले, “बाई, मानूस खोटं बोलते, मशीन कायले बोलेल?” आणि ठरलं की मेच्या सभेत तिचा निकाल लावायचा, ठेवायचं की घरी पाठवायचं. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. तू तुझ्या डब्यातली भाकर मोडून तिच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “खा. उपाशी मानसाले वाद घालता येत नाही.”

मी तिच्या बाजूने होते की नव्हते, मलाच कळत नव्हतं. मशीन माझं होतं ना. ते चुकत नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि ही पोरगी खोटं बोलत नाही हेही दिसत होतं. डोकं फिरायची पाळी.

तू काय केलंस, तर कूलरच्या बाजूला स्टूल टाकलंस आणि भाजी निवडत बसावं तशी नुसती बघत बसलीस. दुपारी एक संचालक आत आले. प्रभा काम करत होती. ती चटकन उठली, “बसा काका” म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. काका बसले, कूलरची हवा घेतली, स्क्रीनकडे बघून एकदोन बटणं दाबली, हसले, निघून गेले. थोड्या वेळाने दुसरे आले. पुन्हा तेच. तू माझ्या कोपराला धक्का दिलास. “कुमुद, पायलं का? पोरगी उठली, पन तिचं नाव बसूनच आहे.”

अगं, मला घामच फुटला! एवढं समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी इतकी उडाले की पाण्याचा ग्लास सांडला. मोठं माणूस आलं की आपल्याकडे बसून राहत नाहीत, झटकन उठतात. आणि प्रभासारखी पोरगी तर सगळ्यांसाठीच उठायची. ऑफिसात तिच्याहून लहान होतं तरी कोण? तिच्या नावाने अर्धं ऑफिस धान भरत होतं!

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही, हे लक्षात ठेव. मी म्हटलं, सोपं आहे. उठायच्या आधी लॉगआउट करायचं, समोरच्याने थांबायचं. एक मिनिट उभं राहिलं तर काय कोणाचे पाय मोडतात? तू माझ्याकडे असं बघितलंस जशी मी वेडीच आहे.

“मोठं मानूस दारात उभं आहे अन् पोरगी बसल्या बसल्या बटनं दाबत राहील? तुया घरी चालते काय हे?”

“घर वेगळं, ऑफिस वेगळं. नियम म्हणजे नियम.”

“मंग तुया नियमालेच उठून उभं राहायले शिकव.”

“लोक बदलतील हळूहळू!”

“नाही बदलत. तुले सांगतो... लिहून ठेव. या भंडाऱ्यात कोनी पोरीसाठी उभं राहनार नाही.”

मी म्हटलं, राहतील. तू म्हणालीस, नाही. प्रभा बिचारी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

दुसरं भांडण त्याहून मोठं. मला शोधून काढायचं होतं की त्या दिवशी तिच्यानंतर खुर्चीत बसलं कोण. एकेकाला उभं करून विचारणार होते मी. तू माझा हातच धरलास. “पोलीसगिरी करू नको. विचारलं का सगळे ‘मी नाही’ म्हनतील, अन् पोरगी जास्तच फसेल. मशीनले विचारू दे न. मानूस बसलं का मशीननंच विचारावं, बाप्पा तू कोन?” मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मग लागलो कामाला.

काय मजा आली गं त्या दिवसांत! पोरीची नोकरी टांगणीला, डोक्यावर सभा, बाहेर अंगाची लाही, आणि आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसत होतो. तू घरून पाटी आणलीस. पाटीवर खडूने माझं पान लिहायचं, पाटी छातीशी धरून तू स्टुलावर बसायचीस आणि म्हणायचीस, “मी मशीन. आता मले बंद करून दाखवा.” जो खोलीत येईल त्याला धरायचं. चहावाल्याला, ट्रकच्या ड्रायव्हरला, पवनीच्या संचालकांना. त्यांनी पाटीवर बोट ठेवायचं आणि तू मशीनसारखा खर्र आवाज काढायचा.

माझा पहिला मजकूर मी फार विचार करून लिहिला होता. देवनागरीचं कार्ड नुकतंच मशीनमध्ये बसवलं होतं, म्हटलं आता अस्सल मराठी करून टाकू. ‘सत्र समाप्ती’. ‘निर्गमन’. ‘यंत्र विराम’. चहावाल्याने वाचलं आणि चपला काढून पाटीला नमस्कार केला. तू पाटी खाली ठेवून इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी रुसून बाहेर गेले, आणि बाहेर जाऊन मीही हसले. ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

मग तू लोकांना विचारायला लागलीस, बाबा, तुम्ही कॉम्प्युटर सोडून जाता तेव्हा मनात काय असते? आणि लोक जे बोलले तेच आपण लिहिलं. ‘दुसऱ्यांना बसू द्यायचं आहे.’ ‘आजचं काम झालं, मशीन बंद करायचं आहे.’ ‘काही नाही, परत कामावर.’ बस, तीनच. चारऐवजी तीन, आणि एकाही माणसाचं बोट चुकलं नाही! मी जागच्या जागी उडी मारली. मशीन बंद करण्याच्या ओळीत मी सगळं आतल्या आत गुंफलं: आधी काम जतन होणार, मग सुई बाजूला, आणि मगच स्क्रीन म्हणणार, ‘आता मेन स्विच ओढला तरी चालेल.’ ती सूचनाही तुझीच. “ते ओढनारच आहेत. त्यायले ओढू दे, फक्त कधी ओढायचं ते सांग.”

पण बसू देण्याची ओळ तुला अजून मंद वाटत होती. पान उघडा, ओळ निवडा, तोवर पाहुणा उभा. “एका बोटाचं काम पाहिजे. उठता उठता व्हावं.” म्हणून मी कोपऱ्यातली एक कळ त्यासाठीच राखून ठेवली. तू कपाळावरची टिकली काढून त्या कळीवर चिकटवलीस, आणि दिवसभर बिनटिकलीची फिरलीस. ती दाबली की उठणाऱ्याचं काम जतन होऊन नाव निघून जायचं, आणि स्क्रीनवर नवं पान. मी त्यावर ‘नाव:’ एवढंच ठेवलं होतं. तू मान हलवलीस.

“आधी ‘बसा’ लिही.”

“मशीन कशाला ‘बसा’ म्हणेल, ताई?”

“पोरगी गडबडीत उठून राहिली. तिच्या तोंडून राहून गेलं तं? मशीन म्हनेल. बसा. आपलं नाव सांगा. घरी पाहुना आला का असंच म्हनतो न आपन?”

मी कुरकुरत लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्यांदा सगळं सलग चाललं. प्रभाने टिकली दाबली, उठली, आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं: ‘बसा. आपलं नाव सांगा.’ तू टाळ्या वाजवल्यास. तू खरंच बसलीस, पदर सावरून, आणि नाव टाकलंस. मग सायकल घेऊन निघताना मला दम दिलास, “मंगळवारी सभेत मीच बोलीन. तू बोलू नको, तू भांडशील.”

शनिवारी सकाळी निरोप आला. छातीत दुखायला लागलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तू नव्हतीस. मला तुझ्याशी यावरही भांडायचं आहे. मधूनच हात दाबून बसायचीस, मी विचारलं की म्हणायचीस, टायपिंगचा हात आहे, दुखणारच. एकदा तरी खरं बोलायचं होतंस. आणि मीही एकदा तरी तुला सांगायचं होतं की तुझ्याशी भांडायला मिळतं म्हणूनच मी नागपूरची नोकरी घेतली नाही. नाही सांगितलं. तुला माहीत असेल असं धरून चालले.

मंगळवारी सभा भरली. सगळे मशीनच्या खोलीत जमले. आधी तुझ्यासाठी उभे राहिले. मग अध्यक्षकाका म्हणाले, “हं, दाखव बाई तुमचं काय ते. मंग पोरीचा विषय घेऊ.” मी भांडले नाही. तुझी आण. मी प्रभाला म्हटलं, तू तुझं रोजचं काम कर. ती बसली, नाव टाकलं, आकडे भरायला लागली. 

एवढ्यात आपले साठा विभागाचे हटवारभाऊ गोदामाचे आकडे घेऊन आत आले. सभेला उशिरा आले होते, नव्या पानाचं त्यांना काही माहीत नव्हतं. प्रभा सवयीने उठली. उठता उठता तिचं बोट टिकलीवर पडलं. हटवारभाऊंनी स्क्रीन वाचली आणि मोठ्याने हसले. “अरे वा! मशीन बी ‘बसा’ म्हनते! हाव जी, बसतो.” सगळे हसले. ते खुश होऊन बसले, चष्मा लावला, एका बोटाने आपलं नाव टाकायला लागले. आणि अर्ध्यावर थांबले.

“आज नाव विचारते हे,” ते म्हणाले. “आधी तं कधी विचारलं नव्हतं.”

 मी तोंडावर हात धरून उभी. तू असतीस तर तुझं कोपर माझ्या बरगडीत असतं.

“म्हनजे त्या दिवशी बी पोरगी उठली अन् मी बसलो. पवनीचं धान मीच चढवलं. मंग ते...” त्यांनी मागे वळून प्रभाकडे बघितलं. “ते तुया नावावर गेलं काय?”

मालूताई, त्या माणसाने खुर्चीतून उठून सगळ्यांसमोर सांगितलं की ती नोंद माझी आहे, चष्मा घरी विसरलो होतो, वरच्या ओळीऐवजी खालच्या ओळीवर चढवलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण बसलो म्हणजे आपलंच नाव. आपण चुकलो हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि पोरगी आपल्याच चुकीचं भोगते आहे हेही. मशीनने विचारलं म्हणून त्यांना कळलं. तू म्हणाली होतीस तसंच, अगदी तसंच! अध्यक्षकाकांनी टेबलावर हात मारला आणि म्हणाले, “मंग विषयच कोनता उरला? लिहा, पोरगी कायम.” प्रभा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. मी सायकल काढली. पुढचं तुला सांगितलंच.

पण खरी बातमी ही नाही. खरी बातमी काल सकाळची आहे, आणि ती सांगायला मी ही शाई घालवते आहे.

काल प्रभा कामाला बसली होती. हटवारभाऊ आत आले, हातात आकडे. ती अर्धवट उठली. “बस, बस,” ते म्हणाले. “तुयं होऊ दे आधी.” तिला वाटलं रागाने म्हणाले, ती आणखी गडबडली. तेव्हा ते भिंतीला टेकले, जिथे ती नेहमी टेकायची तिथेच, आणि तिचं काम होईपर्यंत उभे राहिले. दारात पवनीचे संचालक आले, तर त्यांनाही हाताने थांबवलं. दोन म्हातारी माणसं, एवढ्या उन्हातून आलेली, एका पोरीसाठी उभी. तिने सावकाश ओळ पुरी केली, तपासली, कळ दाबली आणि मग उठली.

राहिले गं उभे. भंडाऱ्यातच राहिले. मी जिंकले, मालूताई. तू साफ हरलीस. आता ये ना भांडायला.